जावयाचं यंत्र

१२ एप्रिल, रविवार
सुटी असूनही नवरोबा विनोद हिंगण्याला, कारखान्यात. कंपनीच्या सरकारी कर्जाचा दुसरा हप्ता अडकलाय. उन्हावर चालणारी यांची वाळवणाची यंत्रं लोक खरंच वापरतात का ते आधी पाहणार, मग पैसे. नाही तर कारखाना बंद. त्याचा भाऊ पुण्याला नोकरीसाठी बोलावतोय. घरी आला तर मीच म्हटलं, "सरकारनं कंपन्यायले पैसे वाटाचे काहून? आम्ही शिकवतो त्या शाळेवर अजून टिनं हायेत." तो पोळी मोडत बसला. माझ्या जिभेला काही हाड...

१५ एप्रिल
तपासणीचे साहेब कुहीचं यंत्र पाहणार. म्हणजे माझ्या आईच्या बचत गटाचं! जीव भांड्यात पडला.

१७ एप्रिल, शुक्रवार
रजा टाकून मीही गेले. अंगणात यंत्र, त्यावर आईचं निळं लुगडं, चारी कोपरे करकचून बांधलेले. काचेवर कंपनीचं प्लास्टिक तसंच. शेजारी खाटेवर कुरडया वाळताहेत.
साहेब : "आजी, झाकून काहून ठेवलं?"
"उन्हानं रंग उडते ना साहेब. जावयाच्या हातचं हाय."
मला हसू आवरेना. वि.चं तोंड एवढंसं.
बसवायला तो स्वतःच आला होता. पण त्या दिवशी पाट, पुरणपोळी, नवा दुपट्टा. आई दाराआड. तो भरपेट जेवून कंपनीच्या गाडीत बसला. "जावयाले कोण प्रश्न विचारते जी?" असं आई साहेबांना म्हणाली. साहेबांनी लिहिलं : वापर नाही.

१९ एप्रिल
वि. कुहीलाच राहिला, दोन दिवस. आईचा फोन : "जावई मस्त समजावून सांगते वं. मी उगाच भेत होती."

२६ एप्रिल
आईनं यंत्रात वाळवलेल्या कैरीच्या फोडी पाठवल्या. धुळीचा कण नाही. गटाच्या सगळ्या बाया आता तिथेच. साहेबांना परत बोलावलंय, अजून येतो म्हणालेले नाहीत. पैसा दिला, यंत्र दिलं, शेजारी बसून शिकवायचं मात्र कोणाच्या यादीतच नव्हतं. शाळेची टिनं अजून डोक्यात आहेतच. पण वि. काल झोपेतसुद्धा हसत होता, त्याला काय करू?

२ मे, शनिवार
हप्त्याचं काहीच कळलं नाही. संध्याकाळी आईचा फोन. मला म्हणाली, "जावयाले दे." फोनवर त्याला मागितलं, जन्मात पहिल्यांदा.
त्यानं स्पीकर लावला.
"पैसे नाही आले त पुण्याले जासान का जी?"
विनोदनं माझ्याकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत मीही त्याला हे विचारलं नव्हतं.