व्हॉल्व्हची चावी

प्रिय दादा,

बाळाच्या पोटात आता दूध टिकतंय, असं वहिनीने कळवलं. तिला सांग, पाणी उकळून गार केलेलंच द्यायचं. एवढं आधी वाच, बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल. नाही, चालणार नाही. सगळं आत्ताच वाच.

बाबांचं उजवं मनगट मोडलंय, बरगड्याही. कान शिवावा लागला. कोणी मारलं असं विचारलं तर म्हणतात, गर्दी होती, दिसलं नाही. मी पाण्याच्या टाकीच्या जिन्यात उभी होते, दादा. मला दिसलं. पहिला दगड शिंप्याने टाकला. त्याची मुलगी त्याच सकाळी जुलाब-उलट्यांनी गेली होती, त्याला मी काय बोलू? तपासणीच्या नळ्या फुटल्या, क्लोरीनचं पिंप उलटलं, ‘पाणी पाजतोस का विष?’ म्हणत बाबांना केसांना धरून अंगणात ओढलं. कोणीतरी त्यांच्या तोंडात चिखल कोंबला, पी म्हणून. पण दाराआडची व्हॉल्व्हची चावी तू आणलीस, आणि तूच ती त्यांच्यावर उगारलीस. ती कुठे असते हे त्या गर्दीत तुला एकट्यालाच ठाऊक. तुला ओळखूनही बाबांनी डोक्यावरचा हात काढला नाही, म्हणून हात मोडला आणि डोकं वाचलं.

त्याच लोखंडी चावीच्या आडव्या दांड्याला आपण लोंबकळायचो. व्हॉल्व्ह तसूभर हलायचा नाही, आणि बाबा म्हणायचे, दोघं मिळून अर्धा माणूसही होत नाही. अक्षरं गिरवायच्या आधी त्यांनी आपल्याला पाण्याच्या नळीत औषधाचा थेंब टाकायला शिकवलं. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे. नितळच राहिलं तर वाटेत कुठेतरी घाण शिरली आणि क्लोरीन तिच्यातच संपलं. तू एकदा बघून खेळायला पळायचास. मी पुन्हा पुन्हा बघायचे, म्हणून तू माझं नाव शंकी ठेवलंस.

तू बाळापाशी दवाखान्यात होतास तेव्हा शंकी तुमच्या गल्लीत नळ तपासत फिरली. टाकीचं पाणी पिवळं. गल्लीच्या तोंडाशी पिवळं. शिंप्याच्या नळाला मात्र नितळ. वाटलं, माझंच चुकलं. पुन्हा केलं, तरी तेच. तेवढ्यात वहिनीने तुमच्या नळाला लावलेली मोटार बंद केली. थोडं पाणी वाहू दिलं आणि शिंप्याचा नळ पिवळा झाला. मी तिला मोटार परत लावायला सांगितली. पुन्हा नितळ. मग तुझ्या दारातल्या गटारावरची फरशी सरकवली. गल्लीचा मुख्य नळ तिथूनच जातो. त्याचा जोड तडकलाय, आणि मोटार चालू असली की ती भेग गटाराचं पाणी घटाघट पिते. तेच तुझ्या घरात जातं, आणि तुझ्या पुढच्या सगळ्या घरांत.

नळाला थेट मोटार लावू नकोस, असं बाबा तेव्हाच म्हणाले होते. तू हसलास, वरच्या मजल्यावर चढायला पाण्याला पाय नसतात बाबा, म्हणालास.

मी हे सगळं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, खिळा ठोक म्हटलं की याचा हात दुखायचा, आणि आता बघ. हसले तर बरगडी दुखली. शेवटी म्हणाले, त्याला कळू देऊ नकोस, तो जगायचा नाही.

पण दादा, पाणी चालूच आहे. शिंप्याचा धाकटा अजून त्याच नळाचं पितोय. बाबांच्या जागी आता चावी माझ्या हातात आहे, आणि उद्या सकाळी तुमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह मी उघडणार नाही. लोक कारण विचारायला येतील आणि मी सगळ्यांसमोर सांगेन, फरशी उचलून दाखवेन. शिंपी काय करेल, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून हे आधी लिहिलं. वहिनीला आणि बाळाला आजच तिच्या माहेरी पाठव, मोटार स्वतःच्या हाताने काढ आणि शिंप्याकडे तू आधी जा. गेला नाहीस तरी बाबा उद्या तुझ्या दारात खुर्ची टाकून बसणार आहेत. डॉक्टरांचं ऐकत नाहीत. म्हणतात, एक हात अजून शाबूत आहे, डोक्यावर धरायला पुरेल, त्याच्या.

तुझीच,
शंकी