रेषेवरचा चेंडू

ता. ४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही दोघं सुखरूप पोचलो. प्रवासभर तुझे भाऊजी शेजारच्या अनोळखी माणसांना सांगत होते की ही माझी बायको पिकलबॉलचा कप जिंकून आली आहे, आणि मी खिडकीबाहेर बघत होते. तुझी नेहमीची जोडीदार पाय मुरगळून बसली नसती, तर बासष्टाव्या वर्षी तुमच्या क्लबच्या अंतिम सामन्यात उतरायची पाळी माझ्यावर आली नसती.

फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि कोणीच ऐकत नाही, म्हणून कागद घेतला. तो शेवटचा चेंडू माझ्या पायाशी, मागच्या रेषेपाशी पडला तेव्हा मी ‘आत’ म्हणाले आणि तू पुढे नेटजवळून ‘बाहेर’ म्हणालास. या खेळात आपल्याला पंच नसतो, चेंडू ज्यांच्या बाजूला पडला त्यांनीच खरं काय ते सांगायचं, आणि दोघांचं एकमत नसेल तर चेंडू आत धरायचा, हे तूच मला शिकवलं होतंस. म्हणजे माझ्या एका शब्दाने तुझा सामना जात होता. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून समोर खेळणाऱ्या तुझ्या ऑफिसातल्या साहेबांना सांगितलंस की ताईला हल्ली नीट दिसत नाही, आणि त्यांनी ते मानलं म्हणून निभावलं. सगळ्यांसमोर मी तुझी पंचाईत केली, याची मला फार लाज वाटते.

एकच विचारते. मला नीट दिसत नाही, हे तुझ्या कधी लक्षात आलं? घरात कोणी कधी बोललं नाही. पस्तीस वर्षं लोकांच्या दातांत वाकून बघणाऱ्या बाईला हे दुसऱ्याकडून कळावं, याचं जरा नवल वाटलं. तुझी दुखरी दाढ पाहायची राहूनच गेली. उत्तर लवकर पाठव.

आहेस तसाच माझ्यावर जीव असू दे.
तुझी ताई

ता. १२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कप फ्रिजवर ठेवला आहे. तुझ्या वहिनीने त्यात आधीच चिल्लर आणि किल्ल्या टाकायला सुरुवात केली आहे, तेव्हा आपल्या पराक्रमाची घरातली किंमत तुझ्या लक्षात येईल. ऑफिसात मात्र वट वाढली. समोर खेळलेले ते नवे साहेब, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मला सगळ्यांदेखत काका म्हणतात. सोमवारी त्यांनी उठून हात मिळवला. तरीही काकाच म्हणाले, पण जरा आदराने.

तू उगाच मनाला लावून घेतेस. खेळात असं होतंच. झालं गेलं विसर आणि दवाखान्यात रमून जा. दाढ अधूनमधून ठणकते. मी त्या बाजूने चावतच नाही, त्यामुळे आमचं बरं चाललंय. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा बारक्या

ता. २३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसले, पण जे विचारलं होतं त्याला तू बगल दिलीस. तू माझं मन राखायला गप्प बसतोस, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही.

इथे मी एक नवा उद्योग आरंभला आहे. घराखाली गाडी उभी करायची जागा आहे ना, तिथल्या मोठ्या भिंतीवर नेटच्या उंचीची पट्टी ओढली आणि जमिनीवर खडूने रेषा आखली. दवाखाना संपला की गाडी बाहेर काढते आणि एकटीच भिंतीशी खेळते. चेंडू निळ्या खडूच्या भुकटीत बुडवायचा, मारायचा, परत येऊन पडला की आत का बाहेर ते मोठ्याने म्हणायचं, आणि मग वाकून निळा डाग बघायचा. दाताची उंची बघायला आम्ही पेशंटला निळा कागद चावायला देतो, त्याचीच ही नक्कल. वरच्या मजल्यावरच्या बाई परवा जिन्यात थांबून विचारत होत्या की खाली सुतार लावलाय का. मी हो म्हणाले. या वयात भिंतीशी एकटीने चेंडू खेळते, आणि मोठ्याने बोलतेही, हे सांगायची लाज वाटली.

बहुतेक वेळा माझं बरोबर येतं. पण स्वतः मारलेला चेंडू कुठे पडणार हे हाताला आधीच ठाऊक असतं, त्यात डोळ्यांचं काय कौतुक? आणि मंगळवारी एकदा चुकलेच. मी बाहेर म्हणाले आणि डाग रेषेवर होता, म्हणजे आतच. दातांच्या कामात असं एकदाही चालत नाही रे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. मोतीबिंदूची अगदी किंचित सुरुवात आहे, पण वयाच्या मानाने नजर उत्तम आहे, असं त्यांनी सांगितलं. वयाच्या मानाने, हे शब्द घेऊन मी घरी आले. त्या डॉक्टरांनी मला यंत्रातून पाहिलं. तू तर तिथे उभा होतास, आणि तू माझ्याबद्दल कशाला खोटं बोलशील?

नाजूक कामं सध्या मी बंद ठेवली आहेत. तुझी दाढही तिथेच एखाद्या तरण्या डॉक्टरला दाखव. माझी वाट बघू नकोस.

आठवण ठेवत जा.
तुझी ताई

ता. ५ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी. ते भिंतीचं खूळ आधी बंद कर. खांदा धरेल. डोळ्यांच्या डॉक्टरांनी उत्तम सांगितलंय ना, मग विषय संपला. मी तेव्हा काय बोललो ते मलाही धड आठवत नाही. सामन्याच्या भरात माणूस काहीही बोलतो. दाढ मी दुसऱ्या कोणाला दाखवणार नाही, हे तुला माहीत आहे. लहानपणापासून माझ्या तोंडात बोट घालायची परवानगी फक्त तुला आहे. ऑफिसात मार्चची धांदल आहे, सविस्तर नंतर लिहितो.

राग धरू नये, एवढंच मागणं.
तुझा बारक्या

ता. १६ मार्च

प्रिय बारक्यास,
स. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या ताईला न सांगता लिहितो आहे. आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं, त्यामुळे मला फार फुलवून लिहिता येत नाही. सरळ सांगतो.

ती दवाखाना विकते आहे. तरुण डॉक्टर नवरा-बायको दोनदा येऊन खुर्ची, यंत्रं सगळं बघून गेले. येत्या एक तारखेला किल्ल्या द्यायच्या असं तोंडी ठरलं आहे. गेल्या आठवड्यात तिची एक जुनी पेशंट आली होती, तिच्याशिवाय कोणापुढे तोंड न उघडणारी. हिने तिला दुसरीकडे जायची चिठ्ठी लिहून दिली. ती बाई बाहेरच्या बाकावर बसून रडली आणि ही आत हात धूत उभी राहिली. दवाखान्यातल्या सिस्टरने मला हे सांगितलं, हिने सांगितलं नाही.

संध्याकाळी ती मला खाली बोलावते. मी चेंडू टाकायचे आणि तिने आत-बाहेर सांगायचं. तिचं बरोबर असतं. मी तसं म्हणालो तर तिला वाटतं की मी नवरा म्हणून सांभाळून घेतोय. मी डाग दाखवला तर म्हणते, तुम्ही मुद्दाम सोपे टाकता. परवा तिने मला विचारलं की आपल्या हातून इतक्या वर्षांत न दिसल्यामुळे कोणाचं वाईट तर झालं नसेल.

मी त्या दिवशी लांब, खुर्च्यांच्या मागच्या ओळीत होतो. मला काही दिसलं नाही. तू जवळ होतास. तुला काय दिसलं होतं, ते मला नको, तिला कळव. या घरात तिला तुझा शब्द माझ्यापेक्षा जड आहे, आणि मी ते केव्हाच मान्य केलं आहे.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून आहे.
तुझा भाऊजी

ता. २१ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चेंडू आत होता.

मी मान वळवली तेव्हा तो रेषेवर टेकताना मला स्वच्छ दिसला. पिवळा चेंडू, पांढरी रेषा, चुकायला जागाच नव्हती. तुझे डोळे ठणठणीत आहेत. तुला नीट दिसत नाही, असं मला त्या दिवसाआधी कधीही वाटलं नव्हतं आणि नंतरही वाटलं नाही. तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा पळ काढला.

मला जिंकायचं होतं. त्या पोरसवद्या साहेबांनी नाणेफेकीच्या आधी मला विचारलं होतं, काका, झेपेल ना? आजूबाजूचे हसले. मी पण हसलो, पण ते मला लागलं. शेवटच्या चेंडूला माझ्या तोंडून ‘बाहेर’ असं निघून गेलं, तू ‘आत’ म्हणालीस, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. खोटा पडण्यापेक्षा तुला आंधळी ठरवणं मला सोपं वाटलं. म्हातारा म्हणवून घ्यायची पाळी माझी होती, ती मी तुझ्यावर ढकलली. तू शहाण्यासारखी गप्प राहिलीस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज वाटते आहे. आणि तू तिथे भिंतीपुढे उभी राहून स्वतःची परीक्षा घेत होतीस, तेव्हा मी खांदा धरेल म्हणून तुला उपदेश करत होतो.

परवा मी कप घेऊन क्लबमध्ये गेलो. सगळे जमलेले असताना साहेबांना सांगितलं की चेंडू आत होता, ताईचं बरोबर होतं आणि मी खोटं बोललो. साहेबांनी हातातल्या पॅडलच्या मुठीवरची पट्टी सारखी केली. मग म्हणाले की त्यांनाही तो आतच दिसला होता, पण वडीलधाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर कुठे खोटं पाडायचं, म्हणून सोडून दिलं. ताई, मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मी कप तिथल्या टेबलावर ठेवून आलो. किल्ल्या आणि चिल्लर आधी काढायला विसरलो होतो, त्यामुळे परत जावं लागलं, तेही सगळ्यांदेखत.

दवाखाना विकू नकोस. माझ्या म्हणण्यावर तू एकदा विश्वास ठेवलास, तो ठेवायला नको होता. आता ठेव म्हणायला मला तोंड नाही. म्हणून तोंडच घेऊन येतो. दाढ सुजली आहे. तूच बघ, तूच काय ते कर. दुसऱ्या कोणाच्या खुर्चीत मी बसणार नाही.

माफ कर असं लिहीत नाही. तुला वाटेल तेव्हा कर.
तुझा बारक्या

ता. २७ मार्च

बारक्या,

आशीर्वाद आहेतच, ते काही तुझ्या वागण्यावर अवलंबून नाहीत.

तुझं पत्र वाचलं आणि खाली जाऊन भिंतीवर इतका चेंडू बडवला की पट्टीखालचा पोपडा निघाला. वरच्या बाई आल्या. या वेळी मी सुतार नाही, मीच आहे असं सांगितलं. त्या जिन्याच्या पायरीवर बसून बघत राहिल्या आणि उद्या येऊ का म्हणून विचारून गेल्या.

मला तुझा राग आला आहे. तो लवकर जाणार नाही, तेव्हा गोड बोलून घालवायचा प्रयत्न करू नकोस. कपाचं मला काही नाही. तुझ्या भाऊजींनी तुला काय लिहिलं ते त्यांनी मला सांगितलं आहे. ती बाई बाकावर बसून रडत होती ते मी आतून ऐकत होते, आणि माझ्यासारखीने तिच्या तोंडात हात घालू नये म्हणून मी बाहेर आले नाही. ते तुला कधी भरून देता येणार नाही. काल मी तिच्या घरी गेले. तिने आधी दार लावून घेतलं, मग उघडलं.

पण एक गोष्ट माझीही आहे. चेंडू मला दिसला होता रे. रेषेवर टेकला, जरासा उडाला, सगळं दिसलं होतं. तरी तुझा हात खांद्यावर पडला आणि मी माझे डोळे सोडून तुझा शब्द धरला. पस्तीस वर्षं ज्या डोळ्यांनी मला पोसलं, त्यांची बाजू मी एकदाही घेतली नाही. याची लाज माझी मला वाटते, त्यात तुझा वाटा नाही.

त्या डॉक्टर नवरा-बायकोला मी ‘नाही’ असं कळवलं. ते नाराज झाले, होऊ देत. किल्ली माझ्याकडेच आहे. एक तारखेला सकाळी पहिला पेशंट म्हणून तुझं नाव सिस्टरने लिहिलं आहे. भूल पुरेशी देईन, छळणार नाही, तेवढी मी डॉक्टर आहे. पण खुर्चीत बसलास की लहानपणासारखे डोळे गच्च मिटून घ्यायचे नाहीत. उघडे ठेव आणि मी काम करताना माझ्याकडे बघ. मला तेवढं हवं आहे.

येताना पॅडल आण. भिंतीपुढे दोघांना जागा आहे, रेषेजवळ मी उभी राहीन.

तुझी ताई