कोळवणच्या वाफेची गळती

पुणे, ६ नोव्हेंबर १९६१

चि. कुशाबास,

हैबतमामाचा आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कोळवण दूध केंद्राचा खर्च काल दूध संघाच्या साहेबांपुढे ठेवला. ठेवणारा मीच, त्यामुळे भाच्याची बाजू घेतली असे कोणी म्हणणार नाही. कॅन धुण्याच्या बॉयलरचा कोळसा आणि थंड खोलीच्या इंजिनाचे डिझेल धरून दर कॅनमागे तुझा खर्च संघात सर्वांत जास्त आहे. जानेवारीअखेर तो उतरला नाही तर केंद्र बंद. मग तुला नांगर धरावा लागेल, आणि तुझी नांगरट मी पाहिली आहे.

वाफ आणि गारवा कुठे जातो ते शोध आणि बंद कर. ताईला नमस्कार. लोभ आहेच.

हैबतमामा


कोळवण, २० नोव्हेंबर

ती. हैबतमामांचे सेवेशी,

कुशाबाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

गारवा सापडला. थंड खोलीत दुधाशिवाय सरपंचांची विड्याची पाने, धोंडाबाईंचे लोणी आणि जेवणानंतर डुलकीला खुद्द कोंडिबाआजा असत. पाने व लोणी परत केले. आजांचे म्हणणे, ते दुधापेक्षा कमी जागा अडवतात. त्यांनाही बाहेर काढले. दाराच्या दुहेरी फळ्यांत भाताचे तूस ठासले. इंजिन आता दुपारी बंद ठेवता येते.

वाफही सापडली. नळीचा एक सांधा भिंतीबाहेर फुसफुसत होता. त्याखालच्या दगडी डोणीतले पाणी कढत होई, त्यात बायका दुधाच्या चरव्या धूत आणि उरलेले पोरांच्या अंघोळीला नेत. सांधा घट्ट केला. कोळसा कमी लागतो. बायका माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे मोजणीत चूक होत नाही.

कृपा असू द्यावी.

आपला कुशाबा


कोळवण, २२ डिसेंबर

हैबतीस,

गोजराताईचा आशीर्वाद. सांगते तसंच लिही म्हणून नथूमास्तरास्नी बजावलंय.

तुझा कोळसा वाचला. दूध शहरातल्या गवळ्याकडं गेलं. त्यो दारात येऊन नेतोय. मग थंडीत चरवी घेऊन केंद्रावर कोन जाईल? आमी कढत पान्याला जात हुतो, दूध जाताजाता घालत हुतो. मी बी गवळ्यालाच घालते. कुशाबा माझा ल्योक हाय, पन गारठनारी बोटं बी माझीच हायेत.

बॉयलर रोज पेटवावाच लागतोय आन कॅन निम्मी. तू शिकलेला हायेस, भागाकार कर. कुशाबा तुला भिऊन कळवत न्हाई आन धड जेवत न्हाई. केंद्र गेलं तर त्याला आनखी काय येतंय, ते तुला बी ठावं हाय.

माया हाय ती हायेच.

गोजरा


पुणे, २८ डिसेंबर

ती. ताईस,

नमस्कार. वि. वि.

भागाकार केला. तुझा बरोबर आहे. कुशाबाला सांग, सांधा पुन्हा सैल कर, तूस राहू दे. आणि तू उद्यापासून दूध केंद्रावर घाल. सख्खी बहीण गवळ्याला दूध घालते हे साहेबांना कळले, तर मलाही काही येत नाही हे उघडकीला येईल.

लोभ असू द्यावा.

हैबती


पुणे, ६ फेब्रुवारी १९६२

चि. कुशाबास,

आशीर्वाद. वि. वि.

केंद्र राहिले. तुसामुळे डिझेल वाचले, बायका परतल्यामुळे कॅन वाढली. दर कॅनचा खर्च आता बंद करण्याइतका वाईट दिसत नाही.

सांधा मुद्दाम सैल का ठेवला, असे साहेबांनी विचारले. खरे ते सांगितले. मग हुकूम झाला, की पुढच्या थंडीपूर्वी प्रत्येक केंद्रावर अशी एक गळती बसवावी. तिचा नकाशा माझ्याकडे मागितला आहे.

तरी फट किती आहे ते मोजून कळव. मोजताना घट्ट करू नकोस. ताई माझ्यावर रागावली नसेल तर तिला नमस्कार, रागावली असेल तर साष्टांग.

हैबतमामा