बाबांचं नाव, तुझं मत

माय, आज मोहाडीत मत देऊन आले. रांगेत तुझी आठवण आली आणि एकटीच हसले. पुढच्या बाईने वळून पाहिलं. तिला काय सांगणार?

आपल्या करडी गावात बायका मत द्यायच्या, पण कोणाला ते घरचे पुरुष ठरवायचे. मी चौथीत होते. मतदानाच्या सकाळी तू चुलीपाशी, आणि बाबा दारात उभे. "मतदानाचा साहेब बाईले मालकाचं नाव पुसते. तुले माहं नाव घेता येत नाही, त मी संगं येतो. शिक्का कुठी मारायचा थेबी सांगतो." भाताचं पाणी बघत तू म्हणालीस, "तुमी शाळेच्या निंबाखाली बसा. आमचं आमी पायतो." या वेळी तुला तुझं मत तुझ्याच मनाने द्यायचं होतं.

धानाच्या रोवण्याला एकाच बांधीत, एकाच चिखलात वाकणाऱ्या तुम्ही साऱ्या जणी शाळेच्या खोलीत रांगेने उभ्या आहात. मी बाहेर, खिडकीच्या गजांना लटकलेली. तुमचं ठरलंय, प्रत्येकीने आपल्या पुढच्या बाईच्या नवऱ्याचं नाव सांगायचं. पहिली सुटली, दुसरी सुटली. तुझी पाळी आली आणि तुझ्या मागची काकू गप्प! बाबा तिचे भासरे, मोठे दीर. त्यांचंही नाव घ्यायचं नसतं, हे ठरवताना एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. साहेब वैतागलेत. बाबा निंबाखालून उठले, चपला घालताहेत. मी ओरडायला तोंड उघडलं तर पोलिसाने दटावलं. तेवढ्यात रांगेच्या टोकाची म्हातारी सुईण खेकसली, "अवं, थो त माया हातावर जलमला! मी सांगतो ना!" आणि तिने बाबांचं नाव असं खणखणीत घेतलं की ते निंबापर्यंत ऐकू गेलं. बाबा परत खाली बसले. तू पडद्याआड गेलीस ती एकटी. बाहेर आलीस तेव्हा काय सुंदर दिसत होतीस गं!

"कोनाले देल्लं?" बाबांनी घरी विचारलं.

"पेटीले," तू म्हणालीस, आणि आपण दोघी पोट धरधरून हसलो. बाबा दोन दिवस फुगून बसले. पुढे मात्र हीच गोष्ट ते येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगायचे. मी मोठी झाल्यावर खूप लाडीगोडी लावली, पण मलाही तू दाद दिली नाहीस. "तूबी नको सांगत जाऊ कोनाले," एवढंच.

तू गेल्यावर हे पत्र टाकायचं तरी कुठे? पण एक कबूल करते. पहिल्या कागदावर मी आज कोणाला मत दिलं, ते तुला लिहून टाकलं होतं. मग तो फाडला आणि हा दुसरा घेतला.