शनिवारी चार ते सहा

मी, एपिफानिया दुमालागन, वय शहात्तर, धंदा शिवणकाम, राहणार मोलो, इलोइलो, फिलिपिन्स, कुणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघा नाही, पण कायदा गुडघ्याचे विचारत नाही.

१. राहते घर माझी एकुलती मुलगी लुर्देस हिला. अट एकच. दर शनिवारी चार ते सहा पुढची खोली आमच्या नाचमंडळाची. आम्ही सात जण, सर्वांत धाकटा अडुसष्टचा. त्या खोलीत दुकान काढायचा तिचा बेत मला ठाऊक आहे. शनिवार बंद पडला तर घर मंडळाचे. गेल्या महिन्यात टँगो करताना मी आपटले, तेव्हा ती म्हणाली, "नानाय, या वयात देवाचं नाव घ्यायचं सोडून ही कसली थेरं?" "अगं, पडताना घेतलं की!" मी म्हटले.

२. माझा नवरा त्रांकिलिनो अडतीस वर्षे भला वागला, पण एकाही लग्नात खुर्चीवरून उठला नाही. अख्ख्या गावाच्या बायकांचे नाचाचे झगे मी शिवले आणि स्वतः पहिले पाऊल टाकले ते तो गेल्यावर, त्रेसष्टाव्या वर्षी. राग नाही. त्याची घरातली खुर्ची त्याच्या भावाला द्यावी, तोही बसूनच असतो.

३. माझा नाचातला जोडीदार एलपिदियो हा मंडळातल्या परपेतुआला. नाताळात तिने त्याला भर नाचात माझ्या हातातून ओढून नेले होते. आता घे म्हणावे! चा-चा-चामध्ये तो दरवेळी डावा पाय चुकवतो. वकील म्हणाले, "आजी, तो माणूस आहे, मालमत्ता नाही." तरी लिहिते.

४. गाण्यांचा स्पीकर शेजारच्या बोनिफासियोला, ज्याने आवाजाची तक्रार केली होती. शनिवारी तो त्यानेच आणून लावावा. आवाज खुशाल कमी ठेवावा, पण एकदा आत आला की आमच्या बायका त्याला बसू देणार नाहीत.

५. मला लाल, उंच टाचांच्या बुटांसकट पुरावे. हे ऐकून लुर्देसने छातीवर क्रूस काढला.

"नानाय, काहीतरीच! मेलेल्याच्या पायांत बूट ठेवत नाहीत. पावलं घरात वाजत राहतात."

"म्हणून तर!"

ती आधी रडली, मग इतकी हसली की उचकी लागली. मला मरणाचे भय नाही. शनिवारी ही खोली गप्प राहील, याचे आहे. तेव्हा मंडळातले सगळे संपले आणि तरीही चार वाजता टाचा ऐकू आल्या, तर लुर्देसने पाद्रीबाबांना बोलावू नये. मधले टेबल सरकवून द्यावे आणि जमले तर दोन पावले टाकावीत.

साक्षीदार: सेवेरिना अलागोन, क्रिसान्तो बेलेझा, दोमिंगा पारेन्यो (सही डाव्या हाताने, उजव्यात पंखा आहे)

स्थळ: मोलो. शनिवार, १४ जून २०२५, चारला पाच कमी. सही घाईत केली आहे, ती माझीच समजावी.

एपिफानिया दुमालागन