नानांना निळा दिसणारा टीव्ही

जळगाव, मंगळवार, १७ नोव्हेंबर १९९२

टीव्हीत बिघाड नाही, हे आज मेकॅनिक युसूफभाईंनी नक्की सांगितलं. मग नानांना दिसतं ते काय?

नाना, माझे वडील. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढल्यापासून पडदा निळा दिसतो म्हणतात. आम्हाला तसा दिसत नाही. युसूफभाईंनी रंगाचं बटण शून्यावर नेलं, चित्र काळं-पांढरं झालं.

"लाल, हिरवा, निळा जुळले असतील तरच पांढरं स्वच्छ येतं. हे स्वच्छ आहे."

"निळंच शे," नाना ठाम.

"नाना, ऑपरेशनचा डोळा झाका बरं," युसूफभाई म्हणाले.

झाकला. "आता पिवळं!"

"घ्या! आता टीव्ही खोलू की तुम्हाला?"

नाना हसले नाहीत, उलट डोळा बिघडवल्याचा आळ डॉक्टरांवर घेतला. "डॉक्टरनी मना डोया बिघाडी टाका. दुसरा देणार नाही."

दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, त्याने त्यांना जेमतेमच दिसतं. त्याचं ऑपरेशन गुरुवारी आहे. पांढरं कोणतं खरं? मीही एकेक डोळा झाकून पाहिलं, दोन्हींनी सारखंच. त्यानं काय सिद्ध होतं? रोज वेळेवर बातमी देणारा मी, घरात नानांची विनवणी करत बसलो.

शेवटी नाना ऑपरेशनला यायला तयार झाले, "मी येसू, पण आधी डॉक्टरनी आपला टीव्ही पाहावा." उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचंय. काय सांगून घरी आणू?