गोठलेली बाटली

१२ जून

त्या फनेलनं आज सगळं बिघडवलं!

जागृती कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसायची. दुसऱ्या वर्षी सरांशी भांडून, दार आपटून मी बाहेर पडलो. ती शिकली. आता कुंभवलीच्या कंपनीत ती केमिस्ट आणि मी तिच्या लॅबमधल्या काचा धुतो.

आज पैज लागली. टर्शरी ब्युटेनॉल नि ॲसिड तोटीच्या काचेच्या फनेलमध्ये घालून हलवायचं. तेलकट थर सुटला तर रविवारी ती माझ्याबरोबर एडवणच्या समुद्रावर येणार!

एसीखाली टर्शरीची बाटली दगड झालेली. खराब झाली, म्हटलं. शेजारची घेतली — एन-ब्युटेनॉल. ब्युटेनॉलच ना शेवटी! हात दुखेपर्यंत हलवलं. थर नाही.

"अरे, थंडीत गोठतंच ते. कोमट पाण्यात धरायचं!" जागृती म्हणाली, नि सगळी लॅब हसली. मी दार आपटलं.

१३ जून

दिवसभर तिच्या टेबलाकडे पाठ करून काचा धुतल्या. डब्यात बोंबील होते, तरी डबा तसाच परत आणला.

१४ जून

तिनंच बोलावलं. कागदावर काढून दाखवलं. ॲसिडनं पाणी निघून गेलं की कार्बनवर प्लस, म्हणजे धन भार, उरतो. एन-ब्युटेनॉलमधल्या टोकाच्या कार्बनला आधार एकाच बाजूनं, म्हणून तिथं प्लस धड तयारच होत नाही. टर्शरीला तीन बाजूंनी तीन कार्बन — थोडे थोडे इलेक्ट्रॉन सरकवतात, प्लस वाटला जातो, टिकतो. शेजारी बेंझीनचं कडं असलं तर त्याची चैनच.

"म्हणजे मी टोकाचा," मी म्हटलं.

"तू तर मिथाईल हायस, शेजारी एकपण कार्बन नसलेला. कोणाला जवळच येऊ देत नाय."

चिडलो. दारापर्यंत गेलोही. परत येऊन बसलो.

मग म्हणाली, प्लस जागासुद्धा बदलतो. शेजारचा हायड्रोजन सरकला की बऱ्या ठिकाणी जाऊन बसतो. हे माझ्याकडे बघून म्हणाली — की बाटलीकडे?

१५ जून

बाटली कोमट पाण्यात धरली. वितळली! फनेल हलवताना मधूनमधून तोटी उघडून वाफ सोडायची असते. मलाही एक तोटी हवी होती.

थर आला!! जागृती म्हणाली, सकाळी स्कूटी घेऊन येते, तयार राहा.

१६ जून, रविवार

नवा शर्ट. गॉगल. खाली हॉर्न वाजतोय.

एडवण संध्याकाळी, जागृती म्हणते. आधी पालघर — सरांच्या घरी! मला कॉलेजात परत घेण्याबद्दल तिनं त्यांना कधीच विचारून ठेवलंय. आईला माहीत होतं. सरांसाठी चिकूंची पिशवी भरून उभी आहे. तीन बाजूंनी तीन: आई, जागृती आणि — सर?

बाहेर पडतो. दार लावून घेतो. हळू.